श्वासाची साक्ष



एप्रिल-मे महिन्यांत आपल्या रत्नागिरीत घरोघरी आंब्यांची अढी घातलेली असते. पेंढ्यात ठेवलेला हापूस तयार झाला की नाही, हे पाहण्यासाठी तुमची दादी आंबा कापत नाही. ती तो हातात घेते, देठाजवळ नाक नेते आणि सांगते, "अजून दोन दिवस थांबा." मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी घेणारी गिऱ्हाइके कल्ले उघडून पाहतात आणि वासही घेतात. बांगडा आजचा की कालचा, हे त्यांना कोणी सांगावे लागत नाही. फळात किंवा मासळीत बदल होऊ लागला की काही नवे पदार्थ तयार होतात. त्यांतले काही हलके असतात. ते हवेत मिसळतात आणि आपल्या नाकापर्यंत येतात. वास म्हणजे आतल्या घडामोडीची बाहेर आलेली बातमीच होय.

माणसाच्या शरीरातूनही अशी बातमी बाहेर येत असते. ती आपण सोडलेल्या श्वासाबरोबर, म्हणजे उच्छ्वासाबरोबर येते. या बातमीवरून एक आजार ओळखता येईल का, त्या आजाराच्या मुलांना रोज टोचाव्या लागणाऱ्या सुईपासून सुटका मिळेल का, या प्रश्नांवर जगातले अनेक शास्त्रज्ञ काम करीत आहेत. तो आजार म्हणजे मधुमेह.

मधुमेह हा शब्द तुम्ही ऐकला असेल. घरी आपण त्याला 'शुगर' म्हणतो. उर्दूत त्याचे नाव जियाबेतिस. मधु म्हणजे शहद. या आजारात लघवीतून साखर जाते, म्हणून हे नाव पडले. अशा लघवीला मुंग्या लागतात, हे भारतातल्या प्राचीन वैद्यांना माहीत होते. इब्न सीना (980 ते 1037) या थोर हकीमांनीही आपल्या 'अल्-कानून' या ग्रंथात या आजाराचे वर्णन केले आहे.

मधुमेह म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चहात साखर न घालणारे एखादे वयस्कर चाचा येतात. पण मधुमेह मुलांनाही होतो. मुलांमध्ये बहुतेक वेळा आढळणारा मधुमेह वेगळा असतो. त्याला 'टाइप 1' किंवा पहिल्या प्रकारचा मधुमेह म्हणतात. आपल्या पोटात जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव आहे. उर्दूत त्याला लबलबा म्हणतात. त्यातल्या काही पेशी इन्शुलिन नावाचा रस तयार करतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराची संरक्षण करणारी यंत्रणा चुकून याच पेशींवर हल्ला करते आणि त्यांचा नाश करते. मग इन्शुलिन तयार होत नाही. ते बाहेरून, इंजेक्शनने घ्यावे लागते. रोज घ्यावे लागते आणि जन्मभर घ्यावे लागते. हा आजार जास्त मिठाई खाल्ल्याने होत नाही. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही. त्यात त्या मुलाचा किंवा त्याच्या आईवडिलांचा काही दोष नसतो. ही तीन वाक्ये तुम्ही लक्षात ठेवली तर बरे होईल, कारण आपल्या मोहल्ल्यात याच्या अगदी उलट बोलणारी माणसे पुष्कळ भेटतात.

माझ्या वर्गात अशी एक मुलगी होती. मधल्या सुट्टीत सगळ्या मुली डबे उघडत, तेव्हा ती आधी शिक्षकांच्या खोलीत येई. दप्तरातून एक छोटी पेटी काढी. बोटाला बारीक सुई टोचून रक्ताचा थेंब काढी आणि तो एका पट्टीवर ठेवी. यंत्रावर आकडा दिसे. तो पाहून ती इन्शुलिन घेई आणि मग डबा खाई. दिवसातून चार वेळा बोट टोचायचे म्हणजे वर्षाला 1460 वेळा. तिची बोटे मी पाहिली होती. टोकांवर काळे ठिपके होते. मराठीच्या वहीत तिचे अक्षर फार सुंदर असे. एकदा ती मला म्हणाली, "सर, फुग्यात फुंकतात तसे फुंकून साखर कळली असती, तर किती छान झाले असते!"

तिचा हा विचार मुळीच वेडगळ नव्हता. तो समजण्यासाठी आधी शरीरात काय होते ते पाहू.

आपण भाकरी, भात, केळे खातो. त्यापासून साखर तयार होते आणि ती रक्तात जाते. रक्तातली साखर पेशींच्या आत गेली, तरच पेशींना शक्ती मिळते. इन्शुलिन पेशींची दारे उघडते. इन्शुलिन नसेल तर साखर रक्तातच साठत राहते आणि पेशी मात्र उपाशी राहतात. कोठार धान्याने भरलेले आहे, पण त्याची किल्ली हरवली आहे, आणि घरातली माणसे भुकेली बसली आहेत, असा हा प्रकार असतो. मग शरीर दुसरा मार्ग धरते. ते साठवलेली चरबी जाळू लागते. पावसाळ्यात कोरडी लाकडे मिळाली नाहीत म्हणून एखाद्याने घराचे वासे चुलीत घालावेत, तसे हे असते. चूल पेटते खरी, पण धूर फार होतो.

चरबी जळताना यकृतात, म्हणजे जिगरमध्ये, जे पदार्थ तयार होतात त्यांना 'कीटोन' म्हणतात. हाच तो धूर समजा. थोडे कीटोन सर्वांच्याच शरीरात असतात आणि त्यांनी काही बिघडत नाही. पण इन्शुलिन अजिबात नसेल तर ते वाढतच जातात आणि रक्त आंबट, म्हणजे आम्लयुक्त होते. उलट्या होतात, पोट दुखते, श्वास खोल आणि जलद चालतो. उपचार झाले नाहीत तर माणूस बेशुद्ध होतो आणि दगावतो. या कीटोनांपैकी एकाचे नाव आहे ॲसिटोन. नखांचा रंग काढण्यासाठी बाटलीतले जे द्रव वापरतात, त्यात बहुधा हेच ॲसिटोन असते. बाटलीचे झाकण उघडताच त्याचा वास पसरतो, कारण ते चटकन उडून जाते. रक्तातले ॲसिटोनही असेच फुप्फुसांत येऊन उडते आणि उच्छ्वासात मिसळते. आजार बळावलेला असेल तर रुग्णाच्या श्वासाला पिकलेल्या, थोड्या उतरलेल्या फळासारखा वास येतो.

हा वास डॉक्टरांना फार पूर्वी कळला होता. 1797 मध्ये जॉन रोलो या डॉक्टरांनी मधुमेही रुग्णांविषयी लिहिताना, त्यांच्या श्वासाला सडू लागलेल्या सफरचंदासारखा वास येतो, असे नोंदवले. 1857 मध्ये प्रागच्या विल्हेल्म पेटर्स यांनी मधुमेही रुग्णाच्या लघवीत ॲसिटोन असल्याचे दाखवले. म्हणजे नाकाने दिलेल्या बातमीला रसायनशास्त्राने साठ वर्षांनी दुजोरा दिला. पण उपचार कोणाजवळच नव्हता. फळासारखा वास येऊ लागला, म्हणजे मूल आता वाचणार नाही, असेच त्या काळी समजत.

1922 च्या जानेवारीत हे बदलले. कॅनडा देशातल्या टोरांटो शहराच्या रुग्णालयात लेनर्ड थॉम्प्सन नावाचा 14 वर्षांचा मुलगा होता. तो तुमच्याच वयाचा होता, पण त्याचे वजन तीस किलोही भरत नव्हते. बँटिंग आणि बेस्ट हे दोन तरुण संशोधक प्राण्यांच्या स्वादुपिंडातून इन्शुलिन काढण्याच्या प्रयत्नात होते. 11 जानेवारीला लेनर्डला पहिले इंजेक्शन दिले गेले. ते पुरेसे शुद्ध नव्हते, त्यामुळे फारसा गुण आला नाही. मग कॉलिप या रसायनतज्ज्ञांनी रात्रंदिवस खपून ते अधिक शुद्ध केले. 23 जानेवारीपासून नवी इंजेक्शने सुरू झाली. लेनर्डच्या रक्तातली साखर एका दिवसात झपाट्याने उतरली. लघवीतले कीटोन नाहीसे झाले. त्यानंतर तो तेरा वर्षे जगला. शोधकांनी या औषधाचे हक्क टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी अवघ्या एका डॉलरला देऊन टाकले. पैशाच्या गोष्टी आपण नेहमी ऐकतो, म्हणून ही गोष्ट मुद्दाम सांगितली.

इन्शुलिन मिळाले, पण एक नवी अडचण आली. इन्शुलिन किती घ्यायचे? कमी पडले तर साखर चढते. जास्त झाले तर साखर एकदम उतरते, हातपाय थरथरतात, घाम फुटतो, डोके चालेनासे होते. म्हणून साखर मोजणे हे औषधाइतकेच महत्त्वाचे आहे. सध्याच्या पद्धतीत पट्टीवर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचे विकर असते. रक्तातल्या साखरेशी त्याची क्रिया होते, अगदी थोडी वीज निर्माण होते आणि यंत्र त्या विजेवरून साखरेचा आकडा सांगते. काही सेकंदांत काम होते. यंत्र एकदाच घ्यावे लागते, पण पट्टी प्रत्येक वेळी नवी लागते. मजुरी करणाऱ्या किंवा मचव्यावर खलाशी असणाऱ्या बापाला विचारा. सुईपेक्षा पट्टीच अधिक टोचते, असे तो सांगेल.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फुंकून साखर कळेल का?

एक छोटा प्रयोग घरी करून पाहा. मोठ्या माणसाला जवळ उभे करून एका भांड्यात साखरेचे पाणी मंद आचेवर तापवा आणि वर ताटली ठेवा. ताटलीच्या आतल्या बाजूला वाफेचे थेंब जमतील. ताटली थंड झाल्यावर ते थेंब चाखून पाहा. ते गोड लागणार नाहीत. पाणी उडाले, साखर मात्र भांड्यातच राहिली. रक्तातली साखरही अशीच आहे. ती हवेत उडून जात नाही. तेव्हा श्वासातून साखर थेट मोजता येत नाही. तिचा माग दुसऱ्या एखाद्या पदार्थावरून काढावा लागतो. शास्त्रज्ञांनी त्यासाठी ॲसिटोनची निवड केली, आणि ती स्वाभाविकच होती.

उच्छ्वास म्हणजे नुसता कार्बन डायऑक्साइड नव्हे. 1971 मध्ये नामवंत रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी दाखवून दिले की, आपल्या उच्छ्वासात सुमारे अडीचशे वेगवेगळे पदार्थ असतात. पुढे ही यादी बरीच लांबली. पण हे पदार्थ फार थोडे असतात. निरोगी माणसाच्या उच्छ्वासातल्या दहा लाख कणांमध्ये ॲसिटोनचा सरासरी एक कणही नसतो. पन्नास लिटरच्या पिंपात एक थेंब टाकला तर जेवढे प्रमाण होते, तेवढे हे प्रमाण. एवढ्या थोड्या वस्तूचा वास आपल्या नाकाला येत नाही. त्यासाठी यांत्रिक नाक हवे.

असे नाक तयार करण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत. पहिला मार्ग प्रकाशाचा. उच्छ्वास एका नळीत भरतात, त्यातून लेसरचा किरण आरशांमध्ये हजारो वेळा इकडून तिकडे फिरवतात आणि किती प्रकाश शोषला गेला ते मोजतात. कोलकात्याच्या सत्येंद्रनाथ बोस राष्ट्रीय मूलभूत विज्ञान केंद्रात डॉ. माणिक प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या मार्गाने उच्छ्वासातल्या कार्बन डायऑक्साइडचा मधुमेहाच्या दृष्टीने अभ्यास केला आहे. ही पद्धत अचूक असते, परंतु यंत्रे मोठी आणि महाग असतात.

दुसरा मार्ग मला अधिक आवडतो, कारण तो दहावीच्या विज्ञानाच्या आधारे समजतो. टंगस्टन, कथील किंवा जस्त अशा धातूंच्या ऑक्साइडचा पातळ थर तापवला की हवेतला ऑक्सिजन त्याला चिकटतो आणि त्याचे काही इलेक्ट्रॉन धरून ठेवतो. त्यामुळे थरातून वीज सहज वाहत नाही. आता त्यावर ॲसिटोन आले तर ते त्या ऑक्सिजनशी संयोग पावते आणि अडकलेले इलेक्ट्रॉन मोकळे होतात. वीज अधिक वाहू लागते. ती किती वाढली, यावरून ॲसिटोन किती होते ते कळते. अशा उपकरणाला संवेदक म्हणतात. 2010 मध्ये झुरिच येथील शास्त्रज्ञांनी टंगस्टन ऑक्साइडमध्ये थोडे सिलिकॉन मिसळून ॲसिटोनला नेमके ओळखणारा संवेदक बनवला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात धातूंच्या ऑक्साइडवर आधारलेल्या वायुसंवेदकांवर काम झाले आहे. जोधपूरच्या आयआयटीतही असा श्वाससंवेदक तयार झाला आहे.

मग अडले कोठे? अडचणी तीन आहेत, आणि तिसरी सर्वांत मोठी आहे.

पहिली अडचण पाण्याची. आपण आरशावर फुंकर मारली की तो धुरकट होतो. उच्छ्वास वाफेने भरलेला असतो. दहा लाख कणांत पाण्याचे पन्नास हजारांहून अधिक कण, आणि ॲसिटोनचा जेमतेम एक. त्या गर्दीत एकाला शोधायचे. त्यातून आपले कोकण! येथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जुलै महिन्यात कपाटातले कपडेही दमट होतात. कोरड्या प्रयोगशाळेत उत्तम चालणारा संवेदक साखरतर किंवा राजिवड्यातल्या घरात कसा चालेल, हे इथेच पाहावे लागेल.

दुसरी अडचण सारख्या दिसणाऱ्या पदार्थांची. हाताला लावायच्या सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असते. त्याची वाफही अशा संवेदकाला फसवू शकते.

तिसरी अडचण यंत्राची नाही, शरीराची आहे. मघाशी आपण कीटोनांना धूर म्हटले. धुरावरून चुलीत काय जळते आहे ते कळते. कोठारात धान्य किती आहे, हे धुरावरून कसे कळणार? ॲसिटोनचेही तसेच आहे. चरबी जळत आहे एवढे ते सांगते. रक्तात साखर किती, हे ते सांगत नाही.

याचा अनुभव तुम्ही दरवर्षी घेता. रमजानमध्ये सेहरीनंतर तुम्ही काही खात-पीत नाही. अस्रच्या सुमारास शरीरातली हाताशी असलेली साखर कमी होऊ लागते आणि ते थोडी थोडी चरबी वापरू लागते. त्या वेळी निरोगी मुलाच्या उच्छ्वासातही ॲसिटोन वाढते. (रोजादाराच्या तोंडाला येणारा वास मुख्यतः तोंड कोरडे पडल्यामुळे येतो, ती गोष्ट वेगळी.) म्हणजे ॲसिटोन वाढले, पण साखर वाढलेली नाही! खूप धावल्यावर किंवा भाकरी-भात सोडून दिल्यावरही असेच होते. उलट, मधुमेही मुलाने बिर्याणी खाल्ली आणि इन्शुलिन थोडे कमी पडले, तर साखर चढेल. पण शरीरात थोडे तरी इन्शुलिन असल्याने ॲसिटोन फारसे वाढणार नाही.

हे फक्त तर्काने सांगितलेले नाही. इंग्लंडमधील ऑक्सफर्डच्या संशोधकांनी 2014 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेली 113 मुले-मुली होती. वय साधारण आठ ते अठरा वर्षे. प्रत्येकाचा उच्छ्वास पिशवीत घेतला आणि त्याच वेळी बोटातून रक्तही घेतले. दोन्ही आकडे ताडून पाहिले. उच्छ्वासातले ॲसिटोन आणि रक्तातले कीटोन यांचे नाते आढळले. पण ॲसिटोन आणि साखर यांचा मेळ नीट बसला नाही. एका फुंकरीवरून साखरेचा अंदाज करता येणार नाही, असे संशोधकांनी स्पष्ट लिहिले. मात्र कीटोन तपासण्यासाठी फुंकर उपयोगी पडू शकेल, असेही त्यांनी म्हटले.

माझ्या मते हा अभ्यास अपयशाचा नाही. श्वास खोटे बोलत नाही. आपणच त्याला चुकीचा प्रश्न विचारत होतो. "साखर किती?" असे विचारले तर तो गोंधळतो. "चरबीचा धूर होतो आहे का?" असे विचारले तर तो उत्तर देतो. आणि हे उत्तर लहान नाही, कारण मुलांचा जीव जातो तो बहुधा या धुरामुळेच. ताप, उलट्या असताना घरच्या घरी फुंकून कीटोन कळले, तर वेळेवर दवाखाना गाठता येईल.

श्वासात आणखीही एक बातमी असावी. काही मधुमेही माणसांची पाळीव कुत्री, मालकाची साखर उतरू लागली की अस्वस्थ होतात, त्याला जागे करतात. 2016 मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी आठ स्त्रियांची साखर डॉक्टरांच्या देखरेखीखाली हळूहळू कमी केली आणि त्यांचा उच्छ्वास तपासला. साखर उतरताच आयसोप्रीन नावाचा पदार्थ लक्षात येण्याइतका वाढला होता. कदाचित कुत्र्यांना याचाच वास येत असावा. पण आठ माणसे म्हणजे फार थोडी. एवढ्यावरून यंत्र बनवून विकायला काढणे योग्य होणार नाही.

विकायला काढणारे मात्र असतात. सुई न टोचता साखर सांगणारी घड्याळे आणि अंगठ्या जाहिरातींत दिसतात. फेब्रुवारी 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने लोकांना सावध केले की, त्वचेला छेद न देता स्वतःहून साखर मोजणाऱ्या अशा एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. चुकीच्या आकड्यावर विसंबून कोणी इन्शुलिन घेतले, तर प्राणावर बेतेल. सध्या खात्रीचे असे आणखी एक साधन आहे. दंडावर नाण्याएवढी चकती चिकटवतात. तिची केसासारखी तार त्वचेखाली राहते आणि दिवसरात्र साखर मोजते. एक चकती साधारण दहा-पंधरा दिवस टिकते. तिने बोट टोचणे पुष्कळ कमी होते, पण दर वेळी काही हजार रुपये लागतात. म्हणून आजही बहुतेक मुलांचा भरवसा रक्ताच्या थेंबावरच आहे.

आपल्या राज्यात या मुलांसाठी काम करणारी माणसे आहेत. छत्रपती संभाजीनगर येथे, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, डॉ. अर्चना सारडा यांची 'उडान' ही संस्था पहिल्या प्रकारचा मधुमेह असलेल्या मुलांना आणि त्यांच्या पालकांना मदत करते. आपल्या जिल्ह्यात डेरवणच्या वालावलकर रुग्णालयाने कोकणातल्या किशोरवयीन मुलींच्या आरोग्याचा दीर्घ अभ्यास हाती घेतला आहे. पुढे मधुमेहासारखे आजार का होतात, याची मुळे त्यात शोधली जात आहेत.

रोज्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी थोडे. मधुमेही मुलाने रोजा ठेवावा की नाही, हे आधी डॉक्टरांना विचारावे. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात धोका अधिक असतो, आणि आजारी माणसाला सवलत आहे, हे तुम्ही जाणताच. बोट टोचून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असे बहुतेक आलिमांचे मत आहे. साखर 70 च्या खाली उतरली किंवा 300 च्या वर गेली तर रोजा सोडावा, असे डॉक्टरांचे नियम सांगतात.

यंत्र येईल तेव्हा येईल. तोपर्यंत तुमचे डोळे आणि नाक आहेच. घरातले किंवा शेजारचे एखादे मूल सारखे पाणी पिऊ लागले, रात्री वारंवार लघवीला उठू लागले, खाऊनही वाळू लागले, तर ते उन्हामुळे किंवा नजर लागल्यामुळे आहे असे समजू नका. त्याला उलट्या होत असतील, धाप लागल्यासारखा खोल श्वास चालत असेल, तोंडाला पिकल्या फळासारखा वास येत असेल, तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखान्यात न्या. पोट बिघडले किंवा दमा झाला, असे समजून कधी कधी वेळ वाया जातो. तेव्हा डॉक्टरांना अदबीने पण स्पष्ट विचारा, "याची साखर तपासली का?" या तपासणीला एक थेंब रक्त आणि काही सेकंद पुरतात. आणि हा वास सर्वांनाच ओळखता येतो असे नाही. वास आला नाही म्हणून निर्धास्त राहू नका.

वर्गातल्या मधुमेही मित्राला अचानक घाम फुटला, हात थरथरू लागले, तो असंबद्ध बोलू लागला, तर ती साखर उतरल्याची खूण आहे. तो शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्यायला द्या आणि शिक्षकांना बोलवा. पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नका. त्याला एका कुशीवर वळवा आणि 108 क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका मागवा.

स्वाध्याय

1. रक्तातील साखर उच्छ्वासातून थेट का मोजता येत नाही? पाठातील प्रयोगाच्या आधारे चार वाक्यांत लिहा.

2. लेखकाने कीटोनांना धूर का म्हटले आहे? ऑक्सफर्डच्या अभ्यासाशी या कल्पनेचा काय संबंध आहे?

3. पुढील शब्दांना उर्दूत काय म्हणतात ते लिहा व प्रत्येक मराठी शब्द वाक्यात वापरा : श्वास, स्वादुपिंड, यकृत, लघवी, बेशुद्ध.

4. तुमच्या वर्गात मधुमेह असलेली एक नवी मुलगी आली आहे. काही मुली तिच्याजवळ बसायला तयार नाहीत. त्यांच्याशी तुम्ही काय बोलाल? संवाद लिहा.

5. गावातील आरोग्यसेविकेला किंवा आशाताईंना भेटा. प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासण्याची सोय कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी असते, याची माहिती मराठीत लिहून वर्गात लावा.